अंदाज आणि प्रचीति

गेल्या महिन्यांत या सदरांत पंचांगांतील गणिताविषयीं चार शब्द लिहिले होते, त्यावर कांहीं वाचकांचीं पत्रें आलीं आहेत. एका भगिनीनें लिहिलें आहे कीं, "गुरुजी, जुन्या गणिताचें कौतुक आपण नेहमींच करतां, आजच्या मुलामुलींच्या हातीं जें नवें गणित आलें आहे त्याविषयींहि एकदां लिहा." सूचना रास्त आहे, आणि ती पाळण्याचा योगहि आपोआप जुळून आला.

दिवाळीच्या सुटींत माझ्या धाकट्या बंधूंची नात आमच्याकडे राहावयास आली होती. ती पदार्थविज्ञानाच्या वरच्या वर्गांत शिकते. एके सकाळीं ओसरीवर मांडीवर संगणक घेऊन ती बसली असतां मी सहज डोकावलों. पडद्यावर एक लांबट पेटी रेखाटलेली होती, आणि तिच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे हजारों बारीक रेषा धांवत होत्या. कांहीं रेषा सरळ पार जात. कांहीं वाटेंत वळून पेटीच्या भिंतीवर आदळत, आणि त्या जागीं भिंतीचा रंग निळ्याचा पिवळा व पिवळ्याचा तांबडा होई.

"हें काय आहे, बाळ?" मीं विचारलें.

"आजोबा, एका मोठ्या भट्टीला तापवणारा हा झोत आहे. तें यंत्र अजून उभें राहावयाचें आहे. उभें राहिल्यावर तें कोठें जळेल, हें आधींच पाहून ठेवतात."

"म्हणजे सारें अंदाजपंचे दाहोदरसे!" मी बोलून गेलों.

ती हंसली नाहीं. शांतपणें म्हणाली, "अंदाजच आहेत, आजोबा, पण मोजून घेतलेले अंदाज."

हे तीन शब्द दिवसभर माझ्या मनांतून जाईनात. कारण, पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें जवळजवळ हीच गोष्ट मला सांगितली होती, आणि मीं त्याला बाकावर उभें केलें होतें. ती हकीकत शेवटीं सांगेन. आधीं ही भट्टी आणि तिचा झोत यांची ओळख करून घेऊं.

सूर्याच्या पोटांत हायड्रोजनच्या अणूंचीं केंद्रें एकमेकांत मिळून त्यांचा हेलियम होतो, आणि त्या मीलनांतून जी शक्ति बाहेर पडते तिच्यावर आपलें सारें जीवित चालतें. हीच क्रिया पृथ्वीवर घडवून तिच्यापासून वीज काढावी, अशी खटपट शास्त्रज्ञ गेलीं सत्तर वर्षें करीत आहेत. येथें साधा हायड्रोजन चालत नाहीं. त्याचे दोन जड भाऊबंद, ड्यूटेरियम व ट्रिटियम, घ्यावे लागतात. परंतु दोहोंच्याहि केंद्रांवर धन विद्युद्भार असल्यामुळें तीं एकमेकांना दूर लोटतात. हें वैर मोडावयाचें तर त्यांना अतिशय वेगानें एकमेकांवर आदळावें लागतें, म्हणजेच तो वायु सुमारें १५ कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. सूर्याच्या गाभ्याच्या उष्णतेच्या ही दहापट झाली. इतक्या उष्ण वायूला प्लाझ्मा म्हणतात. तो ठेवण्यास कोणतेंहि भांडें पुरें पडणार नाहीं. म्हणून कड्याच्या आकाराच्या पात्रांत चुंबकाच्या बळानें तो अधांतरीं धरून ठेवतात. या पात्रास टोकामाक असें नांव आहे. तो शब्द रशियन शब्दांचीं आद्याक्षरें जुळवून झाला असून, ही कल्पनाहि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मॉस्कोंतच रूपास आली.

सध्यां असा सर्वांत मोठा टोकामाक दक्षिण फ्रान्समध्यें कादाराश येथें उभा राहत आहे. त्याचें नांव 'ईटर'. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ 'मार्ग' असा होतो. युरोपीय संघ, रशिया, अमेरिका, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि आपला भारत अशा सात भागीदारांनीं २००६ सालीं पॅरिस येथें त्याच्या करारावर सह्या केल्या. प्लाझ्माला बाहेरून ५० मेगावॅट उष्णता द्यावी आणि त्यांतून ५०० मेगावॅट निर्माण व्हावी, हा त्याचा संकल्प आहे.

आतां हे ५० मेगावॅट आंत घालावयाचे कसे? पहिला उपाय असा कीं, प्लाझ्मांतूनच वीज खेळवावी, म्हणजे शेगडीच्या तारेप्रमाणें तो तापेल. पण येथें एक चमत्कार आहे. शेगडीची तार तापूं लागली कीं तिचा विरोध वाढतो; प्लाझ्मा जसजसा तापतो तसतसा त्याचा विरोध कमी कमी होत जातो. विरोध नाहीं तेथें ऊबहि नाहीं. त्यामुळें हा उपाय अर्ध्या वाटेंतच थकतो. मग दुसरा उपाय पाहावा लागतो. बादलींतलें पाणी ऊन करावयाचें असल्यास आपण त्यांत बंबांतलें कढत पाणी ओततों. त्याचप्रमाणें अतिवेगवान् अणूंचा झोत बाहेरून प्लाझ्मांत सोडतात; ते अणु आंतल्या कणांवर आदळून आपला वेग त्यांना वांटून देतात, आणि प्लाझ्मा तापतो.

येथें एक अडचण येते, आणि तिच्यावर शोधलेली युक्ति मला फार आवडली. अणूला विजेच्या बळानें वेग द्यावयाचा तर त्याच्यावर विद्युद्भार पाहिजे. पण भार असलेला कण टोकामाकच्या चुंबकी कुंपणांतून आंत जाऊं शकत नाहीं; तें कुंपण त्याला वळवून बाहेर काढतें. म्हणून असें करतात कीं, अणूला आधीं भार चढवावयाचा, त्याच्या जोरावर त्याला पिटाळावयाचें, आणि दाराशीं आल्यावर तो भार उतरवून घ्यावयाचा. जोडे घालून धांवत यावें, उंबरठ्याशीं जोडे काढावे आणि अनवाणी माजघरांत शिरावें, तसाच हा प्रकार आहे. आंत शिरल्यावर प्लाझ्मा त्याला पुनः भारित करतो; मग जें चुंबकी कुंपण त्याला बाहेर ठेवीत होतें तेंच त्याला घरांत धरून ठेवतें.

ईटरच्या झोतांतील अणूंवर ऋण भार चढवलेला असतो, म्हणजे प्रत्येकाजवळ एक जास्तीचा इलेक्ट्रॉन असतो. धन भाराच्या अणूला दाराशीं एक इलेक्ट्रॉन पकडावा लागतो, आणि वेग फार असला म्हणजे तें त्याला साधत नाहीं. उलट जास्तीचा इलेक्ट्रॉन सैल धरलेला असल्यामुळें वाटेंतल्या विरळ वायूचा धक्का लागतांच गळून पडतो. हे ऋण अणु ज्या पेटींत तयार होतात तिच्या जाळीला १२८० छिद्रें आहेत. त्यांतून तितक्याच सूक्ष्म धारा निघतात, आणि दोन दोन लाख व्होल्टांच्या पांच पायऱ्यांनीं एकंदर १० लाख व्होल्टांचें बळ त्यांना मिळतें. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टांची असते, हें लक्षांत घ्यावें. या बळानें ड्यूटेरियमचे अणु सेकंदाला सुमारें ९,८०० किलोमीटर या वेगानें धांवतात.

आतां जमाखर्च पाहूं. झोताचा प्रवाह ४० ॲम्पियर आणि दाब १० लाख व्होल्ट, म्हणजे जमा ४० मेगावॅट. प्लाझ्मांत पोंचावयाचे साडेसोळा. भर दुपारचें ऊन एका चौरस मीटरवर सुमारें एक किलोवॅट पडतें. त्या हिशेबानें चार एकर शेतावरचें सारें ऊन गोळा करून एका अरुंद वाटेनें आंत घालावें, तेवढी ही उष्णता झाली. अशीं दोन यंत्रें बसवावयाचीं आहेत, आणि गरज पडल्यास तीं तासभर अखंड चालावयाचीं आहेत.

पण चाळिसांतून साडेसोळा वजा जातां उरलेल्या साडेतेविसांचें काय? कोणत्याहि शहाण्या गृहिणीला हा प्रश्न आधीं सुचेल. त्यांतला मोठा भाग ज्यांनीं दाराशीं जोडे काढलेच नाहींत अशा अणूंचा असतो. दहांतले सुमारें चार अणु असे निघतात. त्यांना विद्युत्क्षेत्रानें बाजूस वळवून, आंतून पाणी खेळवलेल्या तांब्याच्या पाट्यांवर घ्यावें लागतें. कांहीं धारा किंचित् पसरून कडांवर घासतात. प्रत्येक धारेचा पसारा दर मीटरला सात मिलिमीटरांच्या आंत राहावा, असा दंडक आहे. तरी सुमारें पंचवीस मीटरांच्या प्रवासांत एवढा पसाराहि सतरा-अठरा सेंटिमीटर होतो. कांहीं अणु जोडे काढून आंत निघालेले असतात, पण बोळांत राहिलेल्या वायूचा धक्का लागून ते पुनः भारित होतात. मग टोकामाकचें चुंबकबळ त्यांना ओढून बोळाच्या भिंतीवर आपटतें. आणि प्लाझ्मा जर फार विरळ असला, तर झोताचा कांहीं भाग त्यांतून आरपार जाऊन समोरच्या भिंतीला भाजतो. यांतील एखाद्या वाटेचा हिशेब चुकला तर जेथें पाणी खेळवलेलें नाहीं अशा ठिकाणीं धातु वितळेल. या यंत्राचे भाग पुढें किरणोत्सर्गी होणार असल्यामुळें माणसानें जवळ जाऊन ते दुरुस्त करण्याची सोय राहत नाहीं. म्हणून आगीशीं गांठ पडण्यापूर्वींच प्रत्येक ठिणगी कोठें पडेल तें ठाऊक असावें लागतें.

नातीच्या पडद्यावर चाललें होतें तें हेंच. हें काम करणारीं सॉफ्टवेअर निरनिराळ्या देशांत तयार झालीं आहेत. फिनलंडमधील युवॅस्क्युला विद्यापीठांत रचलेलें 'आयबीसिमू' झोताचा जन्म पाहतें, म्हणजे जाळीच्या छिद्रांतून धारा कशी निघेल, सडपातळ राहील कीं फुगेल, हें तें सांगतें. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेंत तयार झालेलें 'बीटीआर' झोताचा प्रवास पाहतें. एकेका धारेच्या असंख्य किरणरेषा कल्पून प्रत्येक रेषा दारापर्यंत जाते कीं भिंतीवर आदळते, आणि वाटेंत पुनः भारित झालेले अणु कोठें पडतात, याची तें खतावणी मांडतें. अमेरिकेंतील प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेचें 'न्यूबीम' त्याचा गृहप्रवेश पाहतें, म्हणजे अणु प्लाझ्मांत कोठें स्थिरावतील व आपली ऊब कोणास किती देतील, हें मोजतें.

आतां सुज्ञ वाचक विचारील कीं, चाळीस ॲम्पियरचा प्रवाह म्हणजे दर सेकंदास किती अणु? पंचविसावर एकोणीस शून्यें द्यावीं, इतके! एवढ्यांची वाट एकेक करून कोणता संगणक काढूं शकेल? उत्तर असें कीं, कोणीहि काढीत नाहीं. त्यांतले कांहीं हजार किंवा कांहीं लाख प्रतिनिधि निवडावयाचे, त्यांची वाट काटेकोरपणें काढावयाची, आणि त्यावरून समस्तांचें अनुमान करावयाचें. 'न्यूबीम'सारख्या गणितांत तर प्रत्येक प्रतिनिधीच्या वाटेवर जणूं फांसे टाकतात. येथें टक्कर होईल कीं नाहीं? झाली तर तो कोणत्या बाजूस वळेल? हें फांशाच्या दानावर ठरवतात. मात्र तें दान निसर्गांतील संभवाच्या प्रमाणांतच पडेल, अशी व्यवस्था केलेली असते.

या रीतीस मोंटे कार्लो पद्धति म्हणतात. तिचा उगम गमतीचा आहे. १९४६ सालीं स्टानिस्लाव उलाम हा गणिती आजारांतून उठत असतां वेळ घालवण्यासाठीं एकट्यानें खेळण्याचा पत्त्यांचा डाव मांडीत असे. डाव सुटण्याचा संभव किती, याचें गणित करतां करतां तो कंटाळला, आणि त्याच्या मनांत आलें कीं, त्यापेक्षां शंभर डाव खेळून किती सुटले तें मोजावें हें बरें! त्यानें ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांस सांगितली, आणि नव्यानेंच निघालेल्या विद्युत्-संगणकावर अणुकेंद्रांतील कणांच्या वाटा काढण्यास तिचा उपयोग झाला. मोनॅको देशांतील द्यूतगृहाच्या नांवावरून तिचें बारसें झालें, आणि १९४९ सालीं ती निबंधरूपानें जगापुढें आली. तिचा एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. चूक निम्मी करावयाची असेल तर दानें चौपट टाकावीं लागतात. दशांश करावयाची असेल तर शंभरपट. नेमकेपणा स्वस्तांत मिळत नाहीं.

हें सारें ऐकतांना मला एकसारखा ऋतुपर्ण राजा आठवत होता. महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. राज्य गमावलेला नल बाहुक नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथि झाला होता, आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आल्यावर दोघे रथांतून विदर्भाकडे निघाले होते. वाटेंत एक बेहड्याचें झाड दिसलें. राजानें धांवत्या रथांतून त्याच्याकडे पाहिलें आणि त्याच्या दोन शाखांवर पानें किती व फळें किती तें सांगून टाकलें. राजाजवळ अक्षहृदय म्हणजे फांशांचें मर्म होतें, आणि त्याबरोबरच संख्येची विद्याहि होती. प्राचीन काळीं बेहड्याच्या फळांचेच फांसे करीत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कथेंतील झाडाची निवड सार्थ वाटते. फांशांचें मर्म आणि न मोजतां केलेली गणना या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनीं एकाच माणसाच्या ठायीं कल्पिल्या. त्याच दोन गोष्टी उलामच्या पत्त्यांतून पुनः एकत्र आल्या. याचा अर्थ आपल्याकडे संगणक होते असा मुळींच नव्हे. एवढाच अर्थ कीं, अंदाजालाहि शिस्त असूं शकते, ही ओळख मनुष्याला फार जुनी आहे.

पण कथा येथें संपत नाहीं, आणि मला सांगावयाचें आहे तें पुढेंच आहे. नलानें काय केलें? "महाराज, थोर आहां," म्हणून त्यानें मान डोलावली नाहीं. त्यानें रथ थांबवला, आणि मी मोजून पाहीन असा हट्ट धरला. राजाला उशीर होत होता, तरी नल हटला नाहीं. त्यानें झाड तोडलें, मोजलें, आणि आंकडा बरोबर आल्यावरच आश्चर्य केलें. मग दोघांनीं विद्येची देवघेव ठरवली. राजानें नलाला अक्षहृदय दिलें, आणि नलाकडून अश्वहृदय घ्यावयाचें ठरलें.

शास्त्रांत ऋतुपर्ण पाहिजे तसा नलहि पाहिजे. संगणक सांगितलेलें निमूटपणें करतो. बोळांत वायु किती राहील हें आपण चुकीचें सांगितलें, तर तो चुकीच्या आंकड्यावर अतिशय सुबक हिशेब मांडून देईल. टोकामाकच्या इतिहासांतच नलाचें एक चांगलें उदाहरण आहे. १९६८ सालीं नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेंत आर्त्सिमोविच यांच्या मंडळींनीं जाहीर केलें कीं, आमच्या 'टी-३' यंत्रांत उष्णता सुमारें एक कोटी अंशांवर गेली. पाश्चात्त्यांना तें खरें वाटेना. तेव्हां रशियनांनींच इंग्लंडच्या कुल्हम प्रयोगशाळेंतील मंडळींना बोलावलें. दोन्ही पक्षांत शीतयुद्धाचें वैर असतांहि ते इंग्रज आपलें लेसरचें साहित्य घेऊन मॉस्कोस गेले, त्यांनीं स्वतः मोजलें, आणि १९६९ सालीं कबूल केलें कीं, रशियनांचें म्हणणें खरें आहे. त्यानंतर जगांत ठिकठिकाणीं टोकामाक बांधले जाऊं लागले. एका प्रचीतीनें जें काम केलें तें शंभर वादविवादांनीं झालें नसतें.

ईटरच्या झोताची प्रचीति घेण्याचें काम इटलींत पादुआ येथें चाललें आहे. याच नगरांत १५९२ ते १६१० पर्यंत गॅलिलिओ अध्यापक होता. तेथें 'स्पायडर' नांवाचें यंत्र अणूंच्या उगमाची परीक्षा करतें, आणि पुरें १० लाख व्होल्टांचें बळ तपासण्यासाठीं 'मिटिका' नांवाचें दुसरें यंत्र उभारलें आहे. स्पायडर २०१८ सालीं सुरू झालें तेव्हां उगमपेटीच्या मागल्या बाजूस नको तेथें विजेच्या ठिणग्या पडूं लागल्या. वायूचा दाब जास्त होत आहे हें कारण उमगल्यावर १२८० छिद्रांपैकीं बहुतेक झांकून, थोड्याच धारांवर काम चालवावें लागलें, आणि २०२१ च्या अखेरीस यंत्र थांबवून वायु काढण्याची व्यवस्था वाढवावी लागली. यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. नाटकमंडळींचा मुळीं हाच शिरस्ता आहे: आधीं वाचन, मग रंगीत तालीम, आणि मग प्रयोग. संगणकावरचें गणित हें वाचन, पादुआ ही रंगीत तालीम, आणि कादाराश येथें प्रयोग. रंगीत तालमींत पडदा अडकला तर उत्तमच. प्रयोगांत तरी तो अडकणार नाहीं.

या उद्योगांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. गुजरातेंत गांधीनगरजवळ भाट या गांवीं प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. ईटरसाठीं १ लाख व्होल्टांचा व ६० ॲम्पियरचा हायड्रोजनचा एक निराळा झोत देण्याची जबाबदारी भारतानें घेतली आहे. तो तापवण्यासाठीं नसून निदानासाठीं आहे; भट्टींत हेलियमची राख किती सांचली तें त्याच्या साह्यानें पाहतां येईल. वैद्य नाडी पाहतो तसें हें आहे.

आतां ती राहिलेली हकीकत. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत नववीला संस्कृत शिकवीत होतों. 'असंख्य' या शब्दाचा अर्थ सांगतांना मीं उदाहरण दिलें कीं, पोत्यांतले ज्वारीचे दाणे असंख्य असतात. दुसऱ्या दिवशीं एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, असंख्य नाहींत. क्विंटलच्या पोत्यांत सुमारें तेहतीस लाख असतात." त्याच्या वडिलांचें किराणा मालाचें दुकान होतें. त्यानें दहा ग्रॅम ज्वारी तोलून दाणे मोजले होते, आणि गुणाकार केला होता. मीं उपहासानें म्हटलें, "अंदाजपंचे दाहोदरसे!" तो मुलगा अगदीं सरळपणें म्हणाला, "मग मोजून पाहा, गुरुजी." वर्ग हंसला. तें हंसूं मला सहन झालें नाहीं, आणि मीं त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. वाचकहो, त्याच सत्रांत मी त्याच वर्गाला नलोपाख्यान शिकवीत होतों! नलाच्या हट्टाचें रसभरित वर्णन मीं केलें होतें. पण ऋतुपर्ण आणि नल हे दोघेहि एका पोराच्या रूपानें माझ्यासमोर बाकावर उभे आहेत, हें मला दिसलें नाहीं.

नातीला मीं हें सांगितलें, तेव्हां ती उठून स्वयंपाकघरांतून ज्वारीची वाटी घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, आज मोजूं." घरांतलीं लहानमोठीं सारीं माणसें ओसरीवर जमलीं. वाटींत सपाट चमचे अडतीस भरले. पहिल्या चमच्यांत दाणे १३१ निघाले. त्यावरून वाटींत ४,९७८ व्हावे. नात म्हणाली, एका चमच्यावर विसंबूं नये. मग निरनिराळ्या जागचे आणखी चमचे घेऊन सरासरी काढली, ती १२४ आली; म्हणजे वाटींत ४,७१२. त्यानंतर आम्हीं पांच जणांनीं सारी वाटी दाणा दाणा करून मोजली. दाणे निघाले ४,६५५. पहिला अंदाज सवातीनशेंनीं चुकला होता. दुसरा अवघ्या सत्तावन्नांनीं. मोंटे कार्लोचें सारें तत्त्व माझ्या सूनबाईंच्या वाटींत मला दिसलें.

त्या संध्याकाळीं मी त्या जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानीं गेलों. वडिलांच्या मागें आतां तोच गादीवर बसतो. मीं म्हटलें, "बाबा रे, तुझे तेहतीस लाख खरे असावेत. तेव्हां माझी चूक झाली." त्याला क्षणभर कळेना, मग आठवलें. तो हंसून म्हणाला, "मोजलंत का, गुरुजी?"

"एक वाटी मोजली."

"मग पोत्याचं?"

"पोत्याचा अंदाज," मीं म्हटलें, "पण मोजून घेतलेला." त्यानें माझ्यासाठीं चहा मागवला. तो मीं घेतला, पण माझ्या मनावरचें ओझें पुरतें उतरलें असें म्हणवत नाहीं. त्या दिवशीं बाकावर उभें करण्याऐवजीं मीं वर्गाला दाणे मोजावयास बसवलें असतें, तर त्या तीस-पस्तीस मुलांना काय मिळालें असतें, याचा अंदाज मात्र मला करवत नाहीं.

आपल्या घरांतून मुलें एखादी गोष्ट अदमासानें सांगतात, तेव्हां आपण त्यांना दटावतों. आणि एखाद्या मोठ्या माणसानें तीच अदमासानें सांगितली कीं निमूटपणें मान्य करतों. दोन्ही रीति सोडल्या पाहिजेत. मूल अंदाज करील तेव्हां "कशावरून?" असें प्रेमानें विचारावें, आणि "चल, मोजून पाहूं" असें म्हणावें. अंदाजाला भिणारा मनुष्य नवें कांहीं बांधूं शकत नाहीं. प्रचीतीला भिणारा जें बांधतो तें टिकत नाहीं.

ईटरच्या २०२४ सालीं जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणें त्याचे प्रयोग २०३४ च्या सुमारास सुरू व्हावयाचे आहेत, आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे त्याहून पुढें. तोंपर्यंत मी या ओसरीवर असेन कीं नाहीं, याचें गणित कोणत्याहि संगणकावर मांडण्याची माझी इच्छा नाहीं. नात मात्र असेल. पडद्यावर आज तांबडी झालेली ती जागा त्या दिवशीं खरोखरच थंड राहते कीं नाहीं, हें ती मोजून पाहील, एवढ्यावर माझा विश्वास आहे.